तक्ता वाचता येतो म्हणजे डोळा शाबूत आहे असं नाही

तुम्ही विचारलंय की एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेचा आजार) निदान होऊन वर्ष झालं, दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ आहे, तरी ओसीटीच्या (उजेडाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन) रिपोर्टमध्ये डाव्या डोळ्याचा तंतूंचा थर पातळ आलाय. हे काळजीचं आहे का, आणि हा तपास किती महिन्यांनी करत राहायचा? शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, दिसतंय ना नीट, मग कशाला त्या मशीनच्या मागे लागतेस." खरं तर या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलेय.

मी २९ वर्षांची होते. एका सकाळी डावा डोळा कडेला वळवला की खोबणीत आत, मागच्या बाजूला दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा धुरकट दिसायचा, आजूबाजूचं मात्र स्वच्छ. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. आल्या आल्या बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्ध्या तासाने आत बघितलं आणि सांगितलं की पडदा उत्तम आहे, नस उत्तम आहे, डोळ्यांवर ताण पडलाय.

नस उत्तम दिसली यात नवल नव्हतं. मला झाला होता ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज, आणि त्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांची सूज डोळ्याच्या गोळ्यामागे असते, समोरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. कळायचा मार्ग होता तो टॉर्चचा. अंधाऱ्या खोलीत उजेड चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर आणला की बाहुल्या लहान राहायच्या ऐवजी मोठ्या होतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते थेंब घालायच्या आधी करायचं असतं, नंतर बाहुली हलतच नाही. माझ्या बाबतीत थेंब आधी पडले आणि तो पुरावा तिथेच गेला. हे आठवलं की मला आजही राग येतो.

दीड महिन्यात नजर परत आली. तक्त्याची शेवटची ओळही वाचली. डॉक्टर म्हणाले, "सहा बाय सहा, झालं." पण मला माहीत होतं की झालेलं नाही. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण उजव्या डोळ्याला लालभडक दिसायचं आणि डाव्याला विटकरी, धुतल्यासारखं. गरम पाण्याने अंघोळ केली की डावा डोळा पंधरा-वीस मिनिटं मंद व्हायचा. (याला उटहॉफचं लक्षण म्हणतात, त्याचं वर्णन १८९० सालचं आहे, हे मला खूप नंतर कळलं.) संध्याकाळी जिना उतरताना शेवटची पायरी कुठे संपते ते समजायचं नाही.

हे मी दादाला सांगितलं. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, घरात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "सगळा तक्ता वाचलास ना माझ्यासमोर? मग आता हे मनाचे खेळ बंद कर." त्यानंतर दोन वर्षं मी घरात डोळ्याचा विषय काढला नाही.

मग पाय बधिर झाले, कमरेपर्यंत. एमआरआय झाला, न्यूरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कधी डोळ्याला काही झालं होतं?" मी सांगायला लागले तर दादा मध्येच म्हणाला, "ते काही नव्हतं, ताण होता." त्यांनी त्याच आठवड्यात ओसीटी करायला सांगितला.

हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं असतं, डोळ्याला काही लागत नाही, पाच-दहा मिनिटांत होतो. उजवा ९७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डावा ७६. दादाने तंत्रज्ञाला विचारलं की मशीन चुकलं असेल का. त्या बिचाऱ्या मुलीने काही न बोलता पुन्हा घेतला. डावा ७७.

ते आकडे कशाचे आहेत हे नीट समजून घ्या, म्हणजे घरी सांगता येईल. पडद्याच्या पेशींतून निघालेले दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. एमएसमध्ये ज्या मायलिनच्या वेष्टनावर हल्ला होतो ते नसेला डोळ्याच्या बाहेर पडल्यावर चढतं. डोळ्याच्या आत तंतू उघडेच असतात. त्यामुळे नसेच्या तोंडाशी त्यांच्या थराची जाडी मोजली की उरलेल्या तंतूंचा अंदाज येतो. सुयांशिवाय, रेडिएशनशिवाय मज्जातंतूंची झीज इतकी थेट मोजता येईल अशी दुसरी जागा शरीरात नाही, असं माझं ठाम मत आहे. फ्रिसेन आणि हॉयट यांनी १९७४ मध्येच एमएसच्या रुग्णांच्या पडद्यावर तंतूंच्या थरातल्या फटी साध्या तपासणीत बघून लिहून ठेवल्या होत्या. ओसीटीचं तंत्र आलं १९९१ मध्ये. एका अटॅकनंतर सरासरी २० मायक्रॉनच्या आसपास थर जातो. माझा फरक २१ चा होता. म्हणजे तो "ताण" नव्हता.

दादाने तिथेही सोडलं नाही. "पण तुला दिसतंय तर!" मग त्या न्यूरॉलॉजिस्टनी दुसरा तक्ता लावला. त्यावर अक्षरं काळी नसतात, पांढऱ्यावर अगदी फिकट राखाडी असतात, अडीच टक्के कॉन्ट्रास्टची. उजव्या डोळ्याने मी भराभर वाचत गेले. डाव्याने वरच्या दोन ओळी कशाबशा, खाली नुसता पांढरा कागद. दादा माझ्या मागे उभा होता, त्याला सगळी अक्षरं दिसत होती. तो तेव्हा गप्प झाला. ६/६ चा तक्ता काळ्या अक्षरांचा आहे. धुकं, संध्याकाळ, जिन्याची कड, गर्दीतला चेहरा यातलं काहीच तो मोजत नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे. हिरवा-पिवळा-लाल पट्टा बघून निष्कर्ष काढू नका. तो पट्टा तुमची तुलना इतर निरोगी लोकांशी करतो. मुळात ११० असलेल्या माणसाचा थर ९२ वर आला तरी मशीन हिरवाच दाखवणार. तुमच्याच दोन डोळ्यांत किती फरक आहे ते बघा. तंतूंच्या थरात साधारण ५-६ मायक्रॉन किंवा गँग्लियन पेशींच्या (पडद्यातल्या ज्या पेशींतून हे तंतू निघतात त्या) थरात ४ मायक्रॉन फरक असेल, तर त्या बाजूच्या नसेला कधीतरी मार बसलाय असा संशय घेतात. गँग्लियनचा आकडा रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर असतो, लोक ते पान बघतच नाहीत. मी म्हणेन तेच आधी बघा. अटॅकच्या वेळी तंतूंचा थर सुजून उलट जाड दिसू शकतो आणि मग तीन ते सहा महिन्यांत पातळ होतो. गँग्लियनचा थर सुजेने फसवत नाही, महिन्याभरातच उतरायला लागतो. अटॅक कधीच आला नाही अशा डोळ्यांतही एमएसमध्ये थर हळूहळू कमी होतो, तेव्हा "मला तर कधी डोळ्याचा त्रास झाला नाही" म्हणून रिपोर्ट चुकीचा ठरत नाही.

दादाचा शेवटचा मुद्दा आजही तोच आहे: कळलं असतं तरी काय फरक पडला असता? डोळ्यापुरतं तो बरोबर आहे, हे मी मान्य करते. स्टिरॉइडच्या सलाईनने नजर लवकर परत येते, पण सहा महिन्यांनंतरच्या नजरेत फारसा फरक राहत नाही, हे १९९२ पासून माहीत आहे. पण तेव्हा निदान झालं असतं तर मेंदूचा एमआरआय झाला असता. ज्या अभ्यासातून स्टिरॉइडचं कळलं त्यातल्याच लोकांना १५ वर्षं तपासलं गेलं. पहिल्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यांच्यात एमएस होण्याचं प्रमाण २५ टक्के होतं, एक तरी डाग होता त्यांच्यात ७२. माझे डाग तेव्हा होते की नव्हते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. असते, तर औषध दोन वर्षं आधी सुरू झालं असतं आणि पाय बधिर व्हायची वेळ कदाचित आली नसती. एमएसचं निदान ज्यांवरून करतात त्या मॅकडोनाल्ड निकषांत आजाराच्या खुणा कुठे शोधायच्या त्या जागा ठरलेल्या असतात, २०१७ च्या निकषांत डोळ्याच्या नसेला त्यात स्वतंत्र जागा नव्हती. २०२४ च्या सुधारणेत ती पाचवी जागा म्हणून धरली आणि तिच्यासाठी ओसीटीचा पुरावाही चालतो. मी ते दादाला पाठवलं. उत्तर आलं नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. थर पातळ म्हणजे एमएसच असं नाही. काचबिंदूमध्येही तो पातळ होतो. मायनस नंबर मोठा असेल तर मशीन उगाच लाल दाखवतं. सिग्नल कमी असेल किंवा थराची रेघ मशीनने चुकीच्या जागी आखली असेल तर आकड्याला अर्थ नाही. फरक फारच मोठा असेल किंवा दोन्ही डोळे एकदम गेले असतील तर एनएमओ आणि मॉग या एमएससारख्याच दिसणाऱ्या आजारांच्या अँटिबॉडी रक्तात तपासलेल्या बऱ्या, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत. आणि मी डॉक्टर नाही.

किती महिन्यांनी, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. अटॅक येऊन गेला असेल तर सहा महिन्यांनी एकदा, म्हणजे स्थिर आकडा मिळतो, आणि मग माझे डॉक्टर वर्षातून एकदा करतात. दर वेळी त्याच मशीनवर करा, एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. फिंगोलिमोड हे एमएसचं औषध सुरू असेल तर वेगळा हिशोब आहे: त्याने क्वचित पडद्याच्या मध्यभागी सूज येते, म्हणून सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांनी तपासतात, मधुमेह असेल तर जास्त काळजीने. तुमचा हा रिपोर्ट शेवटच्या अटॅकनंतर किती महिन्यांनी काढलाय आणि उजव्या डोळ्याचा आकडा काय आहे, हे प्रश्नात नाही. दोन्ही पानांवरचे आकडे लिहिलेत तर मी माझे पहिले चार रिपोर्ट शेजारी ठेवून सांगते.