अंबरनाथहून उलटे बदलापूरला येणारे कुठल्या सूत्रात बसतात?

प्रश्न : आम्ही बदलापूरला राहतो. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. सोसायटीतल्या 64 जणांचं ऑफिस घरापासून किती लांब आहे ते वहीत लिहून तिने आलेख काढलाय. म्हणते, यातच पुढे शिकायचं. घरचे म्हणतात, बी.एड. कर. या गणितावर पोट भरतं का? — एक आई

उत्तर : ताई, भरतं. मेट्रोची लाइन आखताना प्रवासी किती मिळतील याचा अंदाज कुणीतरी बांधावाच लागतो. ते काम ट्रान्सपोर्ट मॉडेलर करतात, बहुतेक सल्लागार कंपन्यांत.

या विषयातलं जुनं सूत्र न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर बेतलेलं आहे: वस्ती आणि नोकऱ्या जास्त तर ये-जा जास्त, अंतर वाढलं की कमी. किती झपाट्याने कमी, ते मात्र प्रत्येक शहराच्या आकड्यांवरून ठरवावं लागतं. 2012 मध्ये सिमिनी, गोन्झालेझ, मारितान आणि बाराबाशी यांनी ‘नेचर’मध्ये दुसरी मांडणी केली, रेडिएशन मॉडेल. त्यात नुसते किलोमीटर नव्हे, तर त्याहून जवळ किती नोकऱ्या आहेत ते महत्त्वाचं. म्हणजे बदलापूरचा माणूस सीएसएमटीपर्यंत जातो तो कल्याण, ठाणे, घाटकोपरला मनासारखं काम मिळालं नाही म्हणून.

आता गंमत बघा. अंबरनाथची माणसं सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीने मुंबईला जातात. ही माणसं दोन्ही सूत्रांत कुठेच दिसत नाहीत. लेकीला हे रोज दिसतं, हे तिचं भांडवल समजा.

बी.एड. वाईट नाही, पण वहीत आलेख काढणाऱ्या पोरीला मी तिकडे ढकलणार नाही. तिला ‘जॅम’ ही आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायला सांगा; त्यात गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे वेगळे पेपर असतात, आणि मी दुसरा निवडेन. एम.एस्सी. करताना पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून घ्यावी, नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. वाहतूक विषयातल्या एम.टेक.ला बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरिंगची पदवी मागतात, तेव्हा अटी आधी वाचा.

आणि 2011 च्या जनगणनेत कामाचं ठिकाण किती लांब आणि जाता कशाने, हे विचारलं होतं. ठाणे जिल्ह्याचा तो तक्ता तिने स्वतःच्या आलेखाशेजारी ठेवावा. वहीत दोन रकानेही वाढवावेत: घर ते ऑफिस किती मिनिटं, आणि बसायला मिळतं का.