बॅरिटोन युकुलेली घ्यावी का?

युकुलेली म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य; बॅरिटोन हा तिचा मोठा प्रकार. गिटार येत असेल किंवा पुढे शिकायची असेल, तर खुशाल घ्या. बॅरिटोनच्या तारा डी-जी-बी-ई या स्वरांत लावतात, म्हणजे गिटारच्या पहिल्या चार ताराच. आवाज भरदार, खर्जातल्या गळ्याला छान साथ देणारा. पण युकुलेलीचा तो खळखळता, उड्या मारणारा नाद हवा असेल तर टेनॉर किंवा कॉन्सर्ट हे लहान प्रकारच घ्या.

नवशिके इथे हमखास अडखळतात:

- शिकवण्या बहुतेक जी-सी-ई-ए वर, म्हणजे लहान युकुलेलींच्या स्वरांवर असतात. पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबला की तिथे सी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजते, बॅरिटोनवर जी!
- ट्यूनर (तारा सुरात लावायचं साधन) ‘युकुलेली’वर, म्हणजे जी-सी-ई-ए वर ठेवून तारा ताणत बसू नका, तुटतील.

शक्यतो आधी हातात घेऊन बघा. पडद्यांमधलं अंतर जास्त असतं, बोटं पोचायला हवीत.