‘बघू पुढच्या खेपेला’

प्रिय डॉक्टर,

परवा ओपीडीत राधानगरीकडच्या काकांना तू म्हणालीस, ‘क्रिएटिनिन थोडं वाढलंय, गोळ्या लिहून देते.’ मी शेजारच्या टेबलावर होतो. रिपोर्टवर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीनं गाळून टाकायच्या रक्तातल्या कचऱ्याचा, आकडा 5.8 होता. ते थोडं नव्हतं आणि तुलाही ते कळत होतं. रागवायला लिहीत नाही. हेच वाक्य मीही पुष्कळ वर्षं वापरलं, म्हणून लिहितोय.

सुरुवातीच्या काळात शिरोळ तालुक्यातले एक ऊसवाले शेतकरी माझ्याकडे यायचे. जुनी शुगर, पायांवर सूज. माणूस हसतमुख, येताना गुळाची ढेप आणायचा. त्यांच्यासमोर डायलिसिसचं नाव काढायला माझी जीभ रेटेना. ‘बघू पुढच्या खेपेला’ म्हणत मी सहा महिने ढकलले. मग एका रात्री मुलगा त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आला. धाप एवढी की आडवं होता येईना, पोटॅशियम 7 च्या वर. मानेतल्या शिरेत नळी घालून मशीन लावलं. वाचले. पण पुढे त्या नळीतून इन्फेक्शन झालं आणि तीन आठवडे ते कॉटवरच होते. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शीर धमनीला जोडून केलेली वाट, वेळेत करून ठेवला असता तर नळीची गरजच पडली नसती. फिस्टुला सुई टोचण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने लागतात. माझ्याकडे सहा होते. मुलानं एकदाच विचारलं, ‘साहेब, आधी का सांगिटलं न्हाई?’ मला उत्तर देता आलं नाही.

सांगायचं कसं, हे आता लिहितो. आपल्याकडचा पेशंट पहिल्यांदा हेच विचारणार, ‘लगवी तर रोज हुतीया की, मग किडनी कशी खराब?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना गुऱ्हाळात नेतो. काहिलीत रस उकळताना मळी काढत राहावी लागते. मळी काढणारा गडी दमला तरी वाफ निघतच राहते, पाणी उडतच राहतं. मळी मात्र रसात साठते. लघवी होतेय म्हणजे पाणी जातंय, मळी आतच आहे. गूळ करणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आणि हेही सांग की क्रिएटिनिन हलायला लागतं तोवर निम्म्याच्या आसपास काम गेलेलं असतं आणि दुखत काहीच नाही. म्हणूनच शुगर आणि बीपीच्या प्रत्येक पेशंटची लघवीतली प्रथिनं तपासायची, तक्रार असो वा नसो. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांबद्दलही विचार, त्या किडनीला बाधतात. आपणहून कुणी सांगत नाही.

‘मटण बंद, रस्सा बंद’ असं एका दमात सांगू नकोस. कोल्हापूरचा माणूस मान डोलावेल आणि परत येणार नाही. किती आणि कधी, ते सांग. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी लागतात, सुरू झाल्यावर उलट जास्त लागतात. खरा धोका लोणच्या-पापडात आणि आजाऱ्याला मायेनं पाजलेल्या शहाळ्याच्या पाण्यात असतो. त्या पाण्यात पोटॅशियम भरपूर.

ज्या दिवशी सांगशील त्याच दिवशी पेशंटचा डावा हात राखायला घे. रक्त काढणं, सलाईन, सगळं उजव्या हाताला. उजव्या हाताचं काम असेल तर हे, डावखुरा असेल तर उलट. फिस्टुला झाला की त्याचंच बोट त्याच्या मनगटावर ठेव. कातडीखाली बारीक थरथर लागते, मांजर घुरघुरावं तशी. रोज सकाळी ती बघायची, थांबली तर त्याच दिवशी यायचं. हे बोटाला एकदा कळलं की माणूस विसरत नाही.

पावसाळ्याआधी नदीकाठच्या पेशंटांची यादी काढ. 2019 च्या ऑगस्टमध्ये हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि आठवड्यातून तीनदा मशीन लागणाऱ्याला एवढं थांबता येत नाही. पाणी चढायच्या आत त्यांना शहरातल्या पाहुण्यांकडे मुक्कामाला यायला सांगायचं.

किडनी द्यायला बहुतेक वेळा आई किंवा बायको पुढे होते. तिच्याशी एकटीशी बोल, सासर-माहेर बाहेर ठेवून.

राधानगरीच्या काकांना मी फोन केलाय. गुरुवारी परत येतायत, मुलाला आणि काकूंना घेऊन. तीन खुर्च्या लावून ठेव आणि त्यांच्यानंतरचा नंबर अर्ध्या तासानं दे. बोलायचं तू. मी शेजारी बसेन.

तुझा,
सर