पदवी घ्या, पण अडीच वर्षांचा पगार गहाण टाकून नको

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 29, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं नोकरी, आणि आता पर्यावरणीय व सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. दोन पर्याय तुमच्यापुढे आहेत. एक, नोकरी सोडून दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. दुसरा, नोकरी सांभाळून तीन वर्षांचा दूरस्थ. पहिल्यासाठी मोठं कर्ज लागतं, ते थोडं कमी व्हावं म्हणून वडील निवृत्तीची ठेव मोडायला तयार आहेत. 'कर्ज काढू का, आणि ठेव घेऊ का?' असं तुम्ही विचारलंय.

ठेवीचं उत्तर लगेच देते. घेऊ नका. तुमच्यासाठी कर्ज मिळतं, वडिलांच्या म्हातारपणासाठी ते कुणी देणार नाही.

कर्जाचा हिशोब मात्र नीट मांडायला हवा. तुमचा आजचा हातात येणारा वर्षाचा पगार हेच माप धरते, म्हणजे इतर वाचकांनाही आपापले आकडे घालून पाहता येईल. तुम्ही लिहिल्याप्रमाणे पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं शुल्क दोन वर्षांच्या पगाराइतकं आहे आणि दोन वर्षं राहण्या-खाण्याचा खर्च 1.2 वर्षांच्या पगाराइतका. एकूण 3.2. तुमची शिल्लक 0.8. उरलेले 2.4 कर्ज.

या बेरजेत एक रकाना राहून गेलाय. पगारातला पाचवा हिस्सा तुम्ही आईवडिलांना पाठवता. ती दोन वर्षं तो कुठून येणार? तेच आणखी 0.4 झाले. शिवाय शिल्लक शून्यावर आणून परक्या गावी राहायला जायचं, म्हणजे एखादं आजारपणही पुन्हा कर्जातच जाणार.

तरी तुमचाच आकडा धरू. व्याज 10 टक्के, शिकत असताना हप्ता नाही, सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली. साध्या व्याजानेही दोन वर्षांत दर 100 चे 120 होतात. म्हणजे 2.4 चे 2.88. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता तुमच्या आजच्या मासिक पगाराच्या 46 टक्के पडतो. पदवीनंतर पगार दीडपट झाला असं समजा. वाढलेल्या 50 टक्क्यांतले 46 बँकेकडे जाणार. पुढे पगार वाढेल तसा हप्ता हलका वाटेल हे खरं, पण सुरुवातीची बरीच वर्षं तुम्ही जास्त शिकलेल्या असाल आणि हातात मात्र आजच्याइतकेच पैसे असतील. दुप्पट पगार मिळाला तर गणित जमतं. तेव्हा प्रश्न असा की या क्षेत्रात पहिल्याच नोकरीत दुप्पट पगार कुणाला मिळतो?

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण पदवीच्या नावावरून पगार कळत नाही. 'पर्यावरणीय आरोग्य' या एका छत्राखाली फार वेगवेगळी कामं आहेत. कारखान्यातली धूळ, आवाज, द्रावकांची वाफ मोजून कामगारांचं आरोग्य सांभाळणाऱ्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञाला पगार देणारी कंपनी असते, तिथे स्थैर्य बरं. साथरोगशास्त्र (आजार कुणात, कसे पसरतात याचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र) पक्की असणाऱ्यांना औषधनिर्मिती आणि विमा क्षेत्रातही मागणी असते. पण तुम्हाला ज्याची ओढ आहे ते वस्तीत जाऊन पाणी आणि आजार यांची सांगड घालण्याचं काम बरंचसं अनुदानावर चालतं. प्रकल्प संपला की करार संपला. 2025 मध्ये अमेरिकेने युसेड ही परदेशी मदतीची संस्था बंद केली तेव्हा कितीतरी देशांतले आरोग्य प्रकल्प अर्ध्यावर थांबले. कर्जाचा हप्ता मात्र असा थांबत नाही. अशा क्षेत्रात जाणाऱ्याने कर्ज कमीच ठेवायला हवं, कारण कर्ज मोठं असलं की मनातलं काम सोडून जास्त पगाराचं मिळेल ते पकडावं लागतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. आर्सेनिकचं प्रमाण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेच्या, वर गेलं की तुम्ही अहवालावर 'पिण्यास अयोग्य' लिहिता, सही करता, आणि त्या विहिरीवरची माणसं पुढे काय पितात हे तुम्हाला कधीच कळत नाही. आर्सेनिकचा परिणाम त्वचेवर दिसायला वर्षं जातात, कर्करोगाला तर त्याहून जास्त. 1854 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंचा माग काढत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं आणि ते मृत्यू नकाशावर मांडले. ते काम नमुन्याकडून माणसाकडे जाण्याचंच होतं. तुम्हालाही तेच करायचंय, म्हणून 'नको शिकू' हे उत्तर मी देणार नाही.

माझा कौल असा. हे वर्ष कर्जासाठी नव्हे, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वापरा. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचं शुल्क आणि राहण्याचा खर्च देते. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. युरोपातली इरास्मुस मुंडुस आहे, जर्मनीच्या डाड संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्त्या आहेत. आपला देश आणि आपला विषय बसतो का ते त्यांच्या नियमांत आधी पाहून घ्या. पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या उमेदवाराकडे सांगण्यासारखं बरंच असतं. अर्जात गुणांपेक्षा त्या 'अयोग्य' अहवालांबद्दल लिहा.

नाही मिळाली, तर दूरस्थ. त्याचं शुल्क 0.9, म्हणजे वर्षाला 0.3, आणि तुम्ही आज पगाराचे 30 टक्के वाचवताच. तीन वर्षं शिलकीत भर पडणार नाही, पण ती मोडणारही नाही, घरी पैसे जात राहतील, पगार बुडणार नाही. पूर्णवेळ पर्यायात शुल्क, बुडालेला पगार आणि कर्जाचं व्याज मिळून खरी किंमत चार वर्षांच्या पगाराहून जास्त होते, हे शेजारी ठेवून पाहा. दूरस्थ शिक्षणात उणीव एकच, पण मोठी. हाताला धरून शिकवणारा मार्गदर्शक आणि प्रत्यक्ष क्षेत्रकाम त्यात कमी. ती तुम्ही भरून काढू शकता, कारण इतर विद्यार्थी ज्या आकडेवारीसाठी वणवण करतात ती तुमच्या कपाटात आहे. प्रबंधासाठी जुने अहवाल वापरायची लेखी परवानगी प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेकडे मागा, तोंडी होकारावर विसंबू नका.

आणि तरीही पूर्णवेळच जायचं ठरलं, तर कर्जाची मर्यादा एका वर्षाच्या पगाराइतकी ठेवा, आणि तेवढ्यात भागून थोडी शिल्लकही उरेल असा कमी शुल्काचा अभ्यासक्रम शोधा. तेवढ्या कर्जाचा हप्ता आजच्या पगाराच्या 19 टक्क्यांच्या आसपास बसतो. अनुदानाचा एखादा प्रकल्प मध्येच बंद पडला, तर शिलकीतून काही महिने तेवढा भरता येईल.

परवानगी मिळाली की कळवा. नाही मिळाली तरी कळवा, मग दूरस्थचा हिशोब पुन्हा मांडू.