नफा झाला म्हणताय, तर पैसं गेलं कुठं?

प्रिय मुली,

परवा फोनवर तू विचारलंस, असोसिएशनच्या हॉलमध्ये चाळीस कारखानदारांना दोन तासांत ताळेबंद शिकवता येईल का. मी नुसतं "बघू" म्हणालो, कारण उत्तर लांबलचक आहे. दोन तासांत ताळेबंद येणार नाही. पण घरी गेल्यावर स्वतःचा ताळेबंद काढून बघावासा वाटेल, एवढं नक्की करता येईल. तेवढ्यासाठीच मी इतकी वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधून फिरतोय.

माझं पहिलं व्याख्यान साफ फसलं होतं. करंट रेशो, डेट-इक्विटी, ताळेबंदाची सगळी गुणोत्तरं फळ्यावर मांडली. माणसं मान डोलवत होती. चहाच्या वेळी एक लेथवाले कोपऱ्यात गाठून म्हणाले, "साहेब, टॅक्स भरून नऊ लाख ऱ्हायलं म्हणून तुमच्यासारख्याच सीए साहेबांनी सांगितलं. बँकेत तर काय न्हाई. नफा झाला म्हणताय, तर पैसं गेलं कुठं?" दीड तास बोललो होतो, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर पेन्सिलीनं दोन रकाने पाडले, आले आणि गेले. समोर लागोपाठच्या दोन मार्चअखेरचे ताळेबंद. नफा ९ लाख. घसारा, म्हणजे मशीनची वर्षभरातली झीज, ४ लाख. तो वहीत खर्च म्हणून लिहिला, पण खिशातून गेला नाही, म्हणून परत मिळवला. मालवाल्यांची देणी ३ लाखांनी वाढली, म्हणजे तेवढे त्यांचे पैसे आपण वापरले. आले १६ लाख. आता दुसरा रकाना. गिऱ्हाइकांकडची येणी २० लाखांवरून २९ वर, म्हणजे ९ लाख अडकले. कच्चा माल आणि अर्धवट जॉब ३ लाखांनी जास्त. नव्या व्हीएमसी मशीनमध्ये पदरचे घातलेले ५ लाख. मशीनच्या हप्त्यांतली मुद्दल ४ लाख. व्याज नफा-तोटा पत्रकात दिसतं, मुद्दल दिसत नाही. घरखर्चाची उचल ६ लाख. गेले २७ लाख. फरक ११ लाखांचा. मग कॅश क्रेडिटचा, म्हणजे लागेल तसं उचलायच्या बँकेच्या कर्जाचा, उतारा काढला. गेल्या मार्चला ७ लाख वापरलेले, या मार्चला १८.

ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग येण्यांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे माझं नऊ लाख त्या कंपनीच्या गेटच्या आत हाईत." त्या दिवसापासून मी फळ्यावर गुणोत्तरं लिहिणं बंद केलं.

ही माणसं अडाणी आहेत असं चुकूनही धरू नकोस. एका जॉबला किती मिनिटं लागतात, धातू कापणारा इन्सर्ट किती नगांनंतर बदलावा लागतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. त्यांना येत नाही ते एवढंच, की हे आकडे वहीतल्या आकड्यांना जोडायचे कसे. आणि ते विचारायची त्यांना लाज वाटते. पाडव्याला हळदकुंकू वाहून वहीची पूजा करतात, मग वर्षभर ती आपल्या ऑफिसात पडून असते. यात दोष आपलाही आहे. आपण ताळेबंद पुढे करतो, "इथं सही करा" म्हणतो, आणि विषय संपवतो.

शेडची सवय आहे म्हणून व्यापाऱ्यांना विसरू नकोस. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच हिशेब आहे. १०० ला घेतलेला माल शेकडा २० चढवून १२० ला विकायला ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं दहा टक्के सोडा, म्हणून १०८ ला दिला. सोडले दहा टक्के, पण २० चा नफा ८ वर आला. हे आधी त्यांनाच मांडू दे. तू उत्तर सांगितलंस तर ते दुकानात पोचेपर्यंत विसरतील.

जीएसटीवर जास्त वेळ घालवू नकोस, ते ऐकून ते कंटाळलेत. एकच गोष्ट ठसव. लाखाच्या बिलावरचे १८ हजार त्यांचे नाहीत. गिऱ्हाइकानं पैसे तीन महिन्यांनी दिले तरी दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावेच लागतात. ती रक्कम वेगळ्या खात्यात काढून ठेवायची सवय लागली, तर निम्मी धावपळ वाचते.

उशिरा येणाऱ्या पैशांबद्दल प्रश्न येणारच. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्यानं त्याला आयकराचा चाप लावला, माल घेणाऱ्यानं मुदतीत न दिलेली रक्कम त्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. हे सांग, पण एवढं सांगून थांबू नकोस. ज्याच्याकडे एकाच कंपनीचं काम आहे, तो व्याज मागायला धजत नाही, आणि त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर, आणि देय तारीख छापायला शिकव. दर सोमवारी येण्यांची यादी काढून ४५ दिवस उलटलेल्या बिलांसाठी फोन करायला शिकव. आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला सांग, हे सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात आधी.

बोलावणं पाठवताना एक कर. फक्त मालकाला नको, वही सांभाळणाऱ्या माणसालाही बोलव. पुष्कळ शेडमध्ये टॅलीत नोंदी करते ती बायको किंवा सून. कोणाची उधारी बुडायला आलीय ते तिला मालकाच्या आधी कळलेलं असतं, फक्त तिला कोणी विचारत नाही.

हॉलमध्ये विमा, फंड, काही विकू नकोस आणि कोणाचं काम मागू नकोस. अशिलं मागत फिरायला आपल्या सीएंच्या १९४९ च्या कायद्यानं मनाई आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. माणूस उधारीचा खरा आकडा सांगतो तो तुला काही नको आहे अशी खात्री पटल्यावरच. आणि एकाचे आकडे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यासमोर कधीही उघडे करायचे नाहीत, नाव न घेताही नाही. वसाहत छोटी असते, नुसत्या मशीनवरून शेड ओळखू येते.

प्रोजेक्टर बंद ठेव. चाळीस पेन्सिली ने, आणि दोन मार्चचे ताळेबंद आणायला आजच निरोप धाड. निम्मे जण आणणार नाहीत. त्यांच्यासाठी वरच्या आकड्यांच्या प्रती काढ. त्या लेथवाल्यांची परवानगी मी तेव्हाच मागून घेतली आहे. दुसरा रकाना मात्र कोरा ठेव, तो त्यांना भरू दे.

तुझा,
सर