मुलीची पाळी १९ दिवसांनीच परत आली. आता तिची उंचीही थांबणार का?

ताई, मुलगी १२ वर्षांची, पाळी सुरू होऊन चार महिने झालेत आणि घरातल्या आत्या म्हणतात, 'आता पोर वाढायची नाही.' तुमची घालमेल कळते. माझ्या लेकीच्या वेळी मीही यातूनच गेले.

आधी ते १९ दिवस बघू. तुम्ही लिहिलंय, 'पाळी संपल्यापासून'. मोजायचं असतं पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. तिची पाळी पाच दिवस टिकते, पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत चार दिवसांचं अंतर, म्हणजे १९ मध्ये ४ मिळवा. झाले २३. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं.

माझ्या लेकीच्या २०२५ मधल्या तारखा कॅलेंडरवर अजून आहेत: ४ जानेवारी, ११ फेब्रुवारी, ९ मार्च, १९ एप्रिल. अंतरं ३८, २६, ४१. बेरीज १०५, भागिले ३, सरासरी ३५. पण एकदाही ३५ व्या दिवशी आली नाही! म्हणून या वयात सरासरीपेक्षा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा बघा. २८ दिवसांचा हिशेब लावून 'गणपतीत येणार' असं ठरवू नका, आणि पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना न विचारता तर मुळीच देऊ नका.

आता उंची. आमच्याकडे देवगडला चाकरमानी गणपतीला आले की माजघराच्या चौकटीला टाचा टेकवून सगळ्या पोरांची उंची पेन्सिलीने मांडतात. लेकीच्या खुणा अशा: २०२२ ला १३४ सेंमी, मग १४०.३, १४७.५, आणि २०२५ ला १५२. वाढ ६.३, ७.२, ४.५. पण गणपती तारखेने येत नाहीत ना! ३१ ऑगस्ट २०२२ ते १९ सप्टेंबर २०२३ हे, मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे, ३८४ दिवस. पुढची दोन्ही वर्षं ३५४ दिवसांची. वाढीला दिवसांनी भागून ३६५ ने गुणलं तेव्हा खरे आकडे मिळाले: ६, ७.४, ४.६. पाळी आली ती या ७.४ च्या उसळीनंतर. बहुतेक मुलींचं असंच होतं, उंची आधी झपाट्याने वाढते, मग पाळी येते. त्यानंतर वेग मंदावतो, पण साधारण ५ ते ७ सेंमी वाढ अजून होते. आत्यांना हे जरूर सांगा. (मोजाल तेव्हा वेळ एकच ठेवा. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरतं.)

अंदाज हवा असेल तर आईबाबांच्या उंचीची बेरीज करा, १३ वजा करा, दोनाने भागा. आमचं १६८ आणि १५४, म्हणजे १५४.५. मात्र यात दोन्हीकडे साडेआठ सेंमीचा फरक पडू शकतो, तेव्हा तो आकडा मुलीच्या कपाळी चिकटवू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं? अंतर २१ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त येत राहिलं, एकदा जरी ९० दिवस उलटले, रक्तस्राव सात दिवसांपुढे गेला किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, तर थांबू नका. जाताना तारखांचा कागद न्या, आणि तो मुलीलाच लिहू द्या. माझी लेक आता वजाबाकी स्वतः करते. मागच्या महिन्यात दवाखान्यात 'शेवटची पाळी कधी?' विचारल्यावर तिने माझ्याकडे न बघता तारीख सांगितली.