झुडपी डबल बीची फुलं गळतात, शेंगा का धरत नाहीत?

तुम्ही पुण्यात, परसात, फेब्रुवारीत झुडपी डबल बी (लिमा बीन) लावली. पानं हिरवीगार आहेत, युरियाही दिला, पण एप्रिल आला तरी फुलं गळतच आहेत. यात खतापेक्षा तारीख जास्त चुकली आहे.

झुडपी जातीला पेरल्यापासून ४०-५० दिवसांत फुलं येतात. त्या दिवसांत दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलगळ होते. टपोऱ्या दाण्याच्या जातींना याचा त्रास अधिक, बारीक दाण्याच्या 'हेंडरसन'सारख्या जाती थोडं जास्त सोसतात. फेब्रुवारीत पेरलं की फुलं नेमकी मार्चअखेरच्या उन्हात सापडतात. पुण्याकडे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठा, म्हणजे ऑक्टोबरची तलखी ओसरताना फुलं येतील. कोकणात रात्री फार गार होत नाहीत, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलं तरी चालतं.

युरियाने नुकसानच होतं. नत्र जास्त झालं की झाड पानावरच जातं. वाफ्यात कुजलेलं शेणखत मिसळा, तेवढं पुरतं. रायझोबियम (मुळांवर गाठी करून झाडाला हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू) बियाण्याला लावणार असाल तर राजम्याचं पाकीट घेऊ नका. डबल बीच्या मुळांवर चवळी-मुगाच्या गटातले जिवाणू गाठी करतात, म्हणून चवळीचं घ्या.

बी वाण्याकडचं नको. त्यातून वेल निघेल की झुडूप, हे दाणा पाहून कळत नाही. पेरताना डोळा खाली ठेवून ३ सेंमी खोल, दोन दाण्यांत १५ सेंमी आणि दोन ओळींत ५० सेंमी अंतर ठेवा. आधी रात्रभर भिजवू नका, दाण्याची साल तडकते आणि दाणा कुजतो. पेरण्याआधी वाफा भिजवून वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) येऊ द्या, मग उगवेपर्यंत पाणी अगदी बेताचं. काळ्या मातीवर खपली धरली तर जाड डाळिंब्या वर येताना कोंबाची मान मोडते. म्हणून ओळीवर मातीऐवजी चाळलेलं कंपोस्ट पसरा. पावसाची सर येण्याची शक्यता असेल तर वरंब्यावरच लावा.

फुलं लागल्यावर मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नका. बुंध्याशी पाचोळा घाला, पाणी सकाळी मुळाशी द्या. ताण पडला की शेंगा चपट्या राहतात, आत दाणा भरत नाही. शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. शेंगेला भोक दिसलं तर ती तोडून नष्ट करा, आत अळी असते.

आताच्या झाडांचा युरिया बंद करा, दुपारी वरून सावलीची जाळी बांधा. थोड्या शेंगा धरतील, फार अपेक्षा नको.

पेरल्यापासून साधारण ७०-७५ दिवसांनी शेंग फुगलेली पण हिरवी असताना तोडा. साल चिवट असते, खायचा तो दाणाच. आणि हे घरात सगळ्यांना सांगा: दाणा कच्चा चाखायचा नाही, मुलांना तर मुळीच देऊ नका. त्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड हे विष सुटतं. ओले दाणे भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळून ते पाणी ओतून द्या. सुके असतील तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि मग ओल्या दाण्यांसारखेच उकळा. रंगीत दाण्यांत हे प्रमाण पांढऱ्यापेक्षा जास्त असतं, म्हणून घरच्या बागेसाठी पांढऱ्या दाण्याचीच जात निवडा.